धारेबरोबर वाहणारा प्रकाश

पाचोडच्या शिवारात मोसंबीच्या बागेला पाणी चालू असताना तुम्ही कधी हौदाजवळ उभे राहिला आहात का? पंपाच्या पाइपातून बाहेर पडलेली धार धनुष्यासारखी वाकून हौदात पडते. या धारेत प्रकाश सोडला, तर तोही वाकेल का? प्रकाश तर सरळ रेषेत जातो, असे आपण शाळेत शिकलो आहोत!

प्रयोग करूनच पाहू या. प्लॅस्टिकच्या पारदर्शक बाटलीला तळापासून चार बोटे उंचीवर एक लहान, गोल भोक पाडा. ते बोटाने दाबून बाटली पाण्याने भरा; बूच लावू नका. अंधाऱ्या खोलीत भोकाच्या बरोबर समोरच्या बाजूने विजेरीचा झोत भोकावर धरा. विजेरीच्या तोंडाभोवती काळा कागद गुंडाळा, म्हणजे उजेड इकडेतिकडे पसरणार नाही. (विजेरी सेलवर चालणारीच घ्या.) आता बोट काढा आणि धार तळहातावर झेला. हातावर उजेडाचा ठिपका लुकलुकेल! धार तुटून थेंब पडू लागले, की ठिपकाही नाहीसा होईल.

असे का होते? पाण्यातून हवेत शिरताना प्रकाश आपली दिशा बदलतो. पण पृष्ठभागाच्या लंबाशी त्याचा कोन सुमारे ४९ अंशांपेक्षा मोठा असेल, तर तो बाहेर पडूच शकत नाही. आरशावर आदळल्यासारखा आत परततो. ४९ अंशांचा हा कोन म्हणजे पाण्याचा क्रांतिक कोन, आणि या परतण्याला म्हणतात पूर्ण आंतरिक परावर्तन. धारेच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेवर आदळत, पण प्रत्येक टप्प्यात सरळ रेषेतच, प्रकाश पुढे जातो. म्हणजे शाळेत शिकलो तेही खरे आणि हातावरचा ठिपकाही खरा!

जिनिव्हाच्या दानियल कोलादाँ यांनी हा प्रयोग १८४२ साली प्रसिद्ध केला. १८५४ साली जॉन टिंडल यांनी तो लंडनमध्ये करून दाखवला. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९५४ साली, पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी व त्यांचे गुरू हॅरोल्ड हॉपकिन्स यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे पोचवल्याचे जाहीर केले.

पण काचेचा तंतू एकदा घडला की घडला. द्रवाला मात्र क्षणोक्षणी नवा आकार देता येतो. २००४ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी एका बारीक नळीत मध्ये कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण आणि त्याच्या दोन्ही बाजूंना साधे पाणी वाहते ठेवले. अशा बारीक नळीत शांतपणे वाहणारे द्रव चटकन एकमेकांत मिसळत नाहीत. द्रावणात शिरलेला प्रकाश त्यातच कोंडला गेला. बाजूच्या पाण्याचा वेग कमीजास्त करताच मधला प्रवाह सरकला आणि त्याच्याबरोबर प्रकाशही! शेतकरी जसा दारे धरून पाटाचे पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात वळवतो, तसा येथे प्रकाश वळवला गेला.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. बाटलीत साध्या पाण्याऐवजी साखरेचे दाट पाणी घेतले, तर क्रांतिक कोन वाढेल की घटेल? विचार करा, आणि मग प्रयोगाला लागा!