भुसा आणि कुजणारें प्लास्टिक

ओला कचरा एका डब्यांत व सुका दुसऱ्या डब्यांत टाकावा, हा धडा पुण्यांतील घरांनीं आतां बराचसा गिरविला आहे. परंतु बिबवेवाडींतील एखाद्या गृहिणीच्या हातीं समारंभांतून आलेला तपकिरी चमचा पडतो, त्यावर ‘कुजणारा’ असा शब्द छापलेला असतो, आणि ती दोन डब्यांच्या मध्यें थबकते. चमचा हातास लाकडासारखा लागतो. तथापि तो सुताराच्या रंध्याखालून आलेला नसतो. ऊस किंवा मका यांपासून काढलेलें प्लास्टिक वितळवून, त्यांत लाकडाचा बारीक भुसा कालवून, तें मिश्रण साच्यांत दाबल्यानें तो झालेला असतो. हा भुसा त्यांत कशासाठीं घालतात आणि तो चमचा खरोखर कुजतो काय, या दोन प्रश्नांचीं उत्तरें एकमेकांत गुंतलेलीं आहेत.

प्रथम प्लास्टिकाचा विचार करावा. दह्याला आंबटपणा देणारें जें दुग्धाम्ल, त्याचे रेणू सांखळीसारखे एकमेकांस जोडले म्हणजे पॉलिलॅक्टिक आम्ल नांवाचें बहुवारिक तयार होतें. वॉलेस कॅरोदर्स या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानें १९३२ च्या सुमारास त्यावर काम केलें होतें. आज साखर आंबवून दुग्धाम्ल काढतात व त्यापासून हें प्लास्टिक करतात. पुण्याची प्राज इंडस्ट्रीज ही कंपनी या उद्योगांत उतरली असून, जेजुरी येथें तिनें ऑक्टोबर २०२४ मध्यें अशा जैव बहुवारिकांचें प्रात्यक्षिक केंद्र सुरू केलें. ज्या प्रांतांत ऊस मुबलक, तेथें असा उद्योग रुजावा, हें स्वाभाविकच आहे.

मात्र या प्लास्टिकाचे दोष लहान नाहींत. तें महाग आहे, ठिसूळ आहे, आणि सुमारें ६० अंश सेल्सिअसला मऊ पडूं लागतें. म्हणून उकळत्या चहांत त्याचा साधा चमचा वाकतो. किंमत उतरविण्यास व ताठपणा आणण्यास भुसा साह्यकारी होतो. ही युक्ति नवी नाहीं. मातीच्या भिंतीस भेगा पडूं नयेत म्हणून गवंडी चिखलांत गवताचे तुकडे तुडवीत आले आहेत. लिओ बेकलंड यानें १९०७ मध्यें शोधलेल्या बेकेलाइटमध्यें लाकडाचें पीठ मिसळत असत. ज्या जुन्या रेडिओंच्या काळ्या-तपकिरी पेट्यांतून एका पिढीनें बातम्या व गाणीं ऐकलीं, त्यांपैकीं कित्येक पेट्यांच्या पोटांत भुसाच होता.

लाकडाच्या अंगीं हें बळ कोठून येतें? लाकडाचा जवळजवळ निम्मा भाग सेल्युलोजचा असतो. सेल्युलोजचे सूक्ष्म तंतु अत्यंत ताठ असतात, व लिग्निन नांवाचें द्रव्य त्यांना सिमेंटासारखें धरून ठेवतें. म्हणजे लाकूड हें निसर्गानेंच केलेलें मिश्र द्रव्य होय. प्लास्टिकांत वजनाच्या ३० ते ४० टक्के भुसा मिसळला असतां वस्तु अधिक ताठ होते. परंतु कण पिठासारखे गोल असतील तर ते केवळ जागा भरतात. लांबट तंतु असतील तर ताण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाहून नेतात. पिठानें भर पडते, तंतूनें बळ येतें, असा हा भेद आहे.

या कामीं तीन अडचणी येतात. पहिली ओलाव्याची. भुसा हवेंतील पाणी शोषतो. तो नीट वाळविला नाहीं तर तापलेल्या मिश्रणांत वाफ होऊन पोकळ्या पडतात, आणि तेंच पाणी पॉलिलॅक्टिक आम्लाच्या सांखळ्या तोडतें. दुसरी अडचण उष्णतेची. लाकूड २०० अंशांच्या पुढें करपूं लागतें. सुदैवानें हें प्लास्टिक साधारणतः १५० ते १८० अंशांस वितळतें, त्यामुळें सांभाळून काम साधतें. तिसरी व सर्वांत नाजूक अडचण दोघांच्या स्वभावाची. लाकूड पाण्याचें मित्र, तर प्लास्टिक त्यापासून अलिप्त राहणारें. ओल्या भिंतीवर तैलरंग धरत नाहीं, तसें प्लास्टिक भुशाला घट्ट धरत नाहीं; मग ताण पडतांच दोहोंच्या सीमेवर भेग जाते. यासाठीं मॅलेइक अनहायड्राइड जोडलेलें प्लास्टिक अल्प प्रमाणांत घालतात. साबणाचें एक टोक तेलास व दुसरें पाण्यास धरतें, त्याचप्रमाणें हें द्रव्य दोघांचा हात हातांत देतें. इतकें करूनही ठिसूळपणा सहसा कमी होत नाहीं, उलट वाढतो. म्हणून खेळणीं, मुठी, तबकें यांस हें मिश्रण शोभतें. वारंवार वाकणाऱ्या वस्तूस तें शोभत नाहीं.

भुसा कोठला, हेंही महत्त्वाचें आहे. भवानी पेठेच्या लाकूडबाजारांत सागाचा ओंडका कापतांना पडणारा भुसा शुद्ध लाकूड होय. परंतु आजचें घरगुती फर्निचर बहुधा प्लायवूडचें असतें आणि त्याच्या भुशांत चिकटद्रव्याचे, बहुधा फॉर्माल्डिहाइडयुक्त राळेचे, कण असतात. असा भुसा कुजणाऱ्या वस्तूंत मिसळणें म्हणजे दुधांत मिठाचा खडा टाकणें.

आतां कुजण्याचा प्रश्न. आयएसओ १७०८८ या मानकानुसार खत होणाऱ्या प्लास्टिकाचा किमान ९० टक्के भाग १८० दिवसांत कार्बन डायऑक्साइड वायूंत रूपांतरित झाला पाहिजे. पण ही परीक्षा सुमारें ५८ अंशांवर राखलेल्या खतांत होते. मोठ्या खतकेंद्रांत एवढी उष्णता राहते. गच्चीवरील कुंडींत किंवा रस्त्याकडेच्या ढिगांत ती टिकत नाहीं. भुशाच्या वाटेनें पाणी आंत शिरून वस्तूचा चुरा होण्यास कांहीं मदत होते खरी, परंतु त्यामुळें पॉलिलॅक्टिक आम्लास थंड मातींत झटपट कुजण्याची कला येत नाहीं. ‘पी हळद नि हो गोरी’ असा हा प्रकार नव्हे. याउलट फ्रेंच शास्त्रज्ञ मोरिस लमॉन्य यानें १९२६ मध्यें जीवाणूंत शोधलेलें पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट साध्या मातींतही कुजतें. तेव्हां रोपांच्या कुंड्यांसाठीं भुशाशीं त्याचाच संयोग अधिक योग्य.

पुण्यांत कचरा गोळा करणारे हात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचे आहेत. सुका माल निवडण्याचें काम तेच करतात. भुसामिश्रित चमचा इतर प्लास्टिकांत गेला तर पुन्हां वितळवितांना लाकूड करपून सगळा घाण खराब होतो. घरच्या खतांत गेला तर वर्षभरानें जसाच्या तसा बाहेर निघतो. म्हणून डब्यापुढें थबकलेल्या गृहिणीनें छापील शब्दावर विसंबूं नये. मानकाचा उल्लेख पाहावा. आपला ओला कचरा उष्ण खतकेंद्रांत जातो काय, हें विचारून घ्यावें. आणि तसें नसेल तर तो चमचा वेगळा बांधून, तो काय आहे तें सांगून द्यावा. तो धुऊन पुन्हां वापरतां आला, तर त्याहून उत्तम. भुशानें आणलेल्या ताठपणाचें तेंच खरें सार्थक होय.