गट, माल, बाजार

अक्कलकुव्याहून देवगोई घाट चढून मोलगीला गेलं की भगर, वाळवलेल्या कैऱ्यांचं आमचूर आणि मोहाची फुलं हा सातपुड्यातला माल भेटतो. मॅट्रिक्सचा गुणाकार मला याच मालावर समजावून सांगायला आवडतो. पुस्तकातला नियम पाठ होतो, पण आडवी ओळ उभ्या स्तंभाशीच का गुणायची, हे पाठांतरातून उमगत नाही.

समजा, दोन बचत गट आहेत. पहिल्याकडे ४ किलो आमचूर, १० किलो भगर, ५ किलो मोह. दुसऱ्याकडे ६, ३ आणि ८ किलो. हा वजनांचा तक्ता: २ ओळी, ३ स्तंभ. दुसरा तक्ता भावांचा. हे भाव हिशेबापुरते धरले आहेत: याच क्रमाने अक्कलकुव्यात किलोला २००, ८०, ४० रुपये आणि मोलगीत २१०, ७५, ५०. इथे मालाच्या ३ ओळी, बाजारांचे २ स्तंभ.

पहिल्या गटाने सगळा माल अक्कलकुव्यात विकला तर ८०० अधिक ८०० अधिक २००, म्हणजे १८०० रुपये. मोलगीत १८४०. दुसऱ्या गटाचे १७६० आणि १८८५. झाला गुणाकार! उत्तरात गट उरले, बाजार उरले. माल बेरजेत मिसळून गेला. म्हणून तर पहिल्या तक्त्याचे स्तंभ आणि दुसऱ्याच्या ओळी जुळाव्या लागतात. दोन्हीकडे माल तोच हवा, क्रमही तोच.

सी भाषेत यासाठी द्विमितीय अ‍ॅरे आणि एकात एक तीन लूप लागतात: गटांचा, बाजारांचा आणि सगळ्यात आत मालाचा. आय, जे, के ही अक्षरं वापरण्यापेक्षा नावं द्यावीत, असं माझं ठाम मत आहे. मग आतली ओळ अशी वाचता येते: उत्तर[गट][बाजार] मध्ये वजन[गट][माल] गुणिले भाव[माल][बाजार] मिळवा. दोन ‘माल’ शेजारी आले की मांडणी बरोबर.

बेरीज सुरू करण्याआधी उत्तराचं प्रत्येक घर शून्य करायलाच हवं. फंक्शनच्या आत नुसता जाहीर केलेला साधा अ‍ॅरे सी आपणहून शून्य करत नाही. घरात आधीचं काहीही पडलेलं असतं आणि १८०० ऐवजी भलताच आकडा येतो.

तक्ते १००० बाय १००० झाले की गुणाकार १०० कोटी होतात आणि लूपचा क्रम जाणवू लागतो. सी अ‍ॅरेच्या ओळी मेमरीत एकापाठोपाठ ठेवते. माल सगळ्यात आत असेल, तर भावांच्या तक्त्यात दर पावलाला अख्खी ओळ ओलांडावी लागते आणि प्रोसेसरजवळच्या कॅशमध्ये आणलेले शेजारचे आकडे वाया जातात. माल मधल्या लूपमध्ये आणि बाजार आत घ्या: उत्तर तेच, काम बरंच लवकर. फोरट्रानमध्ये मात्र स्तंभ सलग असतात; तिथे सगळ्यात आत गट घ्यावा.