मोजणारी किल्ली

साताऱ्याच्या पोवई नाक्यावर किंवा सांगलीच्या विश्रामबागेत एमएच-११, एमएच-१० च्या गाड्या दाटीने उभ्या असतात. मालकाने रिमोट दाबला की त्याच्याच गाडीचे दिवे लुकलुकतात. शेजारची गाडी त्याच कंपनीची, त्याच रंगाची असली तरी ढिम्म हलत नाही. दोघींच्या रिमोटची रेडिओलहर मात्र साधारण एकच, ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपासची, आणि ती कुणालाही पकडता येते. म्हणजे कुलपाची भिस्त लहरीवर नाही, मोजणीवर आहे. प्रत्येक दाबासरशी रिमोटमधला आकडा एकाने वाढतो आणि गुप्त सूत्राने कुलूपबंद होऊन जातो. गाडी शेवटचा आकडा लक्षात ठेवते आणि त्यापुढचाच मानते. चोराने टिपून ठेवलेला जुना संदेश कालच्या एसटी तिकिटासारखा निरुपयोगी. खिशात बटण चुकून चार-पाचदा दाबले गेले तरी बिघडत नाही, कारण गाडी थोडे पुढचे आकडेही चालवून घेते.

यावर आक्षेप असा की, ही सूत्रे फुटतातच. खरे आहे. दक्षिण आफ्रिकेत १९८० च्या दशकात घडवलेले ‘कीलॉक’ हे सूत्र २००८ मध्ये जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी चिप किती वीज खाते हे मोजून फोडले. पण तिथे हरली ती एका उत्पादकाच्या असंख्य रिमोटांमागची एकच मूळ किल्ली. मोजणीचे तत्त्व शाबूत राहिले. आणि जुनी पत्र्याची किल्ली तर रस्त्याकडेचा चावीवाला काही मिनिटांत घासून देतो.

खरी फट पडली ती बटणच काढून टाकल्यावर. बिनबटणाच्या किल्लीत गाडी जवळपास हाक मारते आणि किल्ली आपणहून ओ देते. एक जण गाडीपाशी, दुसरा घराच्या दाराशी उभा राहून ही हाक लांबवर पोचवू शकतो. झुरिचच्या ईटीएच संस्थेने २०११ मध्ये तपासलेली दहाही मॉडेले अशी उघडली. सूत्र फुटले नाही, आकडाही चुकला नाही. फसवले गेले ते फक्त अंतर. बटण दाबणे ही मालकाची संमती होती, सोयीपायी आपण तीच सोडून दिली. नव्या काही किल्ल्या हलल्या नाहीत की झोपी जातात, काही अंतरही मोजतात. पण तुमची तशी आहे का, ते आधी विचारा. तोवर किल्ली झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा आणि डबा घेऊन गाडीपाशी जा. दार उघडले, तर डबा बदला.