बी. एस्सी. नर्सिंगच्या पुढे काय?

"डॉक्टर, पोरगी बी. एस्सी. नर्सिंग झाली. आता स्थळं बघायची की आणखी शिकवायची? इंजेक्शन तर तेच द्यायचं!" परवा चंदगडच्या बाजारात एका गृहस्थांनी मला थांबवून विचारले.

मला एक जुनी रात्र आठवली. भातलावणीचे दिवस, मुसळधार पाऊस, आणि नोकरीत मी नवखा. सर्पदंशाचा रुग्ण आला. सूज थोडी होती, माणूस नीट बोलत होता. सकाळपर्यंत पाहू, असे मी ठरवले. रात्रपाळीच्या सिस्टरांनी मात्र स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेऊन ते वीस मिनिटे न हलवता ठेवले. नळी तिरकी करताच रक्त पाण्यासारखे वाहिले. रक्त गोठणे बंद झाले होते. घोणस किंवा फुरसे यांच्या विषाने असे होते. लगेच प्रतिविष सुरू केले आणि रुग्ण वाचला. नळी प्लॅस्टिकची किंवा साबणाने धुतलेली चालत नाही, हेही मला त्यांनीच शिकवले.

पुढे त्यांना बढती मिळाली आणि रुग्णाची खाट सुटली. हाती आले ड्यूटीचे तक्ते आणि साठ्याच्या नोंदवह्या. आपल्याकडे परिचारिकेचे नेतृत्व म्हणजे बहुधा एवढेच!

उच्च शिक्षणाची सोय नवी नाही. दिल्लीच्या राजकुमारी अमृत कौर महाविद्यालयात १९५९ मध्येच पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. आज एम. एस्सी. नर्सिंग दोन वर्षांचे असून बालरोग, मानसिक आरोग्य, सामुदायिक आरोग्य अशा शाखा निवडता येतात. पण ही पदवी घेतलेल्या बऱ्याच जणी अध्यापनाकडे वळतात. शिक्षिका हव्यातच, तरीही वॉर्डातली हुशार परिचारिका वर्गात गेली की रुग्णाचे नुकसान होते, असे माझे मत आहे.

अमेरिकेत यावर १९६५ मध्ये वाट निघाली. कोलोरॅडोच्या ग्रामीण भागात काम केलेल्या परिचारिका लॉरेटा फोर्ड यांनी डॉ. हेन्री सिल्व्हर यांच्यासह 'नर्स प्रॅक्टिशनर' हा अभ्यासक्रम सुरू केला. रुग्ण तपासणे, निदानाचा अंदाज बांधणे आणि उपचार ठरवणे हे त्यात परिचारिकेला पद्धतशीर शिकवले. आपल्याकडेही भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी दोन वर्षांचा असा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला आहे. त्यात बहुतेक वेळ रुग्णाजवळच जातो. प्रसूतीसेवेसाठी १८ महिन्यांचे प्रशिक्षण वेगळे आहे. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणूनही बी. एस्सी. झालेल्या परिचारिका काम करतात. डॉक्टर लांब आणि घाटरस्ता पावसात बेभरवशाचा, अशा आपल्या तालुक्याला या शिक्षणाची किती गरज आहे, ते वेगळे सांगायला नको.

हे सारे मी त्या गृहस्थांना रस्त्यातच सांगितले. (बाजारहाट राहिलाच!) प्रवेशाआधी महाविद्यालयाची मान्यता तपासा, आणि एम. एस्सी.ला वर्षभराचा अनुभव लागतो, हेही सांगितले.

चार दिवसांनी ते मुलीलाच घेऊन आले. तिने बेळगावला अतिदक्षता विभागात नोकरी धरली होती. "वर्षभर तिथे काढते, मग अर्ज भरते," ती म्हणाली. वडिलांची चिंता एवढीच, की रात्रपाळी संपल्यावर चंदगडची पहिली एस. टी. किती वाजता मिळते.