रिकाम्या दऱ्यांचा मुलूख

ग्लासगोहून मॅलेगकडे निघालेल्या गाडीत आम्ही डावीकडची खिडकी धरली. मुलीने तशी ताकीदच दिली होती. पाच तासांचा प्रवास, पण सौ.ने बरोबर घेतलेले विणकाम पिशवीतून बाहेर काही निघाले नाही!

स्कॉटलंडच्या हायलँड्सचा हा पश्चिम भाग. 'लॉख' म्हणजे सरोवर किंवा जमिनीत घुसलेली खाडी आणि 'ग्लेन' म्हणजे दरी, एवढे कळले की निम्मा नकाशा वाचता येतो. या दऱ्या हिमनद्यांनी कोरल्या. रॅनॉखच्या माळावर तर इतकी दलदल, की झाडांच्या फांद्या-मुळ्यांचे थर अंथरून त्यावर रूळ टाकावे लागले. १८९४ मध्ये गाडी फोर्ट विल्यमला पोचली, १९०१ मध्ये मॅलेगला. वाटेतले कोरूर स्टेशन ४०८ मीटर उंचीवर आहे. तिथे सार्वजनिक रस्ता जातच नाही. फोर्ट विल्यमजवळ बेन नेव्हिस दिसतो, ब्रिटनमधला सर्वांत उंच डोंगर. उंची १३४५ मीटर. आपले कळसूबाई त्याहून तीनशे मीटर उंच, हे मी सौ.ला अभिमानाने सांगितले. पुढे ग्लेनफिनन, एकवीस कमानींचा पूल. तिथेच मी नातवासाठी कार्ड लिहिले : 'इथे माणसाचा हात कुठे लागलेलाच नाही.'

मॅलेगहून बोटीने अर्ध्या-पाऊण तासात स्काय बेटावरचे आर्माडेल आले. दुसऱ्या दिवशी ब्रॉडफर्डहून पायवाटेने आम्ही बोररेगला गेलो. समोर समुद्र, हिरवेगार गवत, चरणारी मेंढरे. आणि गवतात दगडी भिंती. एक, दोन, मग मोजणेच सोडून दिले. दाराची जागा ओळखू येत होती. सौ. एका भिंतीपाशी बराच वेळ उभी राहिली. म्हणाली, "चूल इथंच असणार."

हे गाव ओसाड पडलेले नव्हे, उठवलेले. कुळांच्या खंडापेक्षा मेंढ्यांचे उत्पन्न जास्त, हा जमीनदारांचा हिशेब. १८५३ मध्ये बोररेग आणि शेजारचे सूइश्निश रिकामे केले गेले. सूइश्निशची माणसे रडत निघाली, तो आक्रोश तरुण भूगर्भशास्त्रज्ञ आर्चिबाल्ड गीकी यांनी ऐकला आणि पुढे लिहून ठेवला. हायलँड्सच्या कितीतरी दऱ्यांची हीच कथा. कुळांना जमिनीवर कायमचा हक्क मिळाला तो १८८६ च्या कायद्याने. पण बोररेगची माणसे केव्हाच पांगली होती.

परतताना स्कायच्या पुलावरून काइलला आलो. हा पूल १९९५ चा. त्यावरचा टोल २००४ मध्ये बंद झाला. काइलहून इन्व्हरनेसची गाडी मिळते, म्हणजे आल्या वाटेने परतावे लागत नाही. तुम्ही गेलात तर असेच जा. मात्र बोररेगसाठी एक दिवस राखून ठेवा.

गाडीत पिशवी उघडली, तर ते कार्ड तसेच होते. नातवाला दुसरे लिहिले : 'इथे तुझ्याएवढी मुले खेळत होती. त्यांची घरे आम्ही पाहिली.'