दळी जमीन आणि वनहक्क

गागोदे बुद्रुक हे विनोबांचे जन्मगाव. भूदान १९५१ साली दूर पोचमपल्लीत सुरू झाले. इथल्या रायगडात मात्र कातकरी, ठाकर इंग्रजी अमदानीपासून डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकवत आले, तरी ती ‘दळी’ जमीन वनखात्याचीच राहिली. २००६च्या वनहक्क कायद्याने हा ऐतिहासिक अन्याय मान्य केला. आदिवासींचा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा असल्यास चार हेक्टरपर्यंत हक्क मिळतो. वाड्यांवर मला नेहमी ऐकू येते, ‘आमच्याकडं कागुद नाय.’ पण वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा असतो. त्याला आणखी एक पुरावा जोडावा. ग्रामसभेने दावा फेटाळला, तर साठ दिवसांत उपविभागीय समितीकडे दाद मागता येते. विनोबांनी जमीन दान मागितली. ही जमीन दान नव्हे, हक्क आहे.