गाडी जुनी, पार्ट मात्र नव्याच्या भावात

एसटीच्या कार्यशाळेत माझी हयात गेली. निवृत्त झाल्यापासून ओळखीपाळखीचे लोक सेकंड हँड गाडी घेताना मला ‘जरा बघायला’ नेतात. फी काही नाही, परतीच्या वाटेवर मिसळ आणि चहा एवढ्यावर भागतं. पूर्वी विचारणा असायची ती अल्टो, वॅगनआर, फार तर स्विफ्टची. आता पंचविशी-तिशीतली पोरं वेगळीच यादी घेऊन येतात: पोलो, जॅझ, आय-ट्वेंटी, बलेनो, अल्ट्रॉझ. म्हणजे ‘प्रीमियम हॅचबॅक’. नवी घ्यायची तर दहा लाखांच्या घरात जाते, आणि पाच-सहा लाखांत मिळणारी नवी छोटी गाडी त्यांच्या मनात भरत नाही. मग पाच वर्षं वापरलेली पोलो. चिंचवडला नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीनं तेच केलं. एमएच-१४ पासिंग, २०२० ची, एक लिटर टर्बो, सहा गिअर, साडेसहा लाख.

प्रीमियम हॅचबॅक हा प्रकार आपल्याकडे वाढला तो सरकारी नियमामुळे. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. अट अशी होती, की लांबी चार मीटरच्या आत हवी आणि इंजिन पेट्रोल असेल तर १,२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १,५०० सीसीपर्यंत. मग कंपन्यांनी फूटपट्टी हातात घेतली. मोठ्या गाडीत जे जे द्यायचं, ते चार मीटरांत कोंबून द्यायला सुरुवात झाली. पोलोची लांबी ३,९७१ मिलिमीटर, म्हणजे अट जेमतेम पाळलेली. ही गाडी तर आपल्या चाकणचीच. फोक्सवॅगनचा तिथला कारखाना २००९ मध्ये सुरू झाला, २०१० मध्ये पोलो बाजारात आली आणि २०२२ मध्ये बंद झाली. बंद झाल्यावर तिच्यावरचं प्रेम वाढलं, हे आपल्या स्वभावाला धरूनच झालं म्हणायचं.

तिच्यात एवढं आहे तरी काय? मुलीबरोबर पुण्याहून कोल्हापूरला येताना मी स्वतः खंबाटकी चढवली. तेव्हा पुण्याकडे जाताना बोगदा होता, कोल्हापूरकडे येताना घाट चढावाच लागायचा. पुढे उसाचा ट्रक रांगत होता. तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिन जेमतेम दोन हजार फेऱ्यांवर असताना पाय दाबला, तर गाडीनं कुरकुर न करता ओढ घेतली. टर्बोचा फायदा तो हाच. या इंजिनाचा १७५ न्यूटन-मीटरचा पूर्ण टॉर्क १,७५० फेऱ्यांनाच हाताशी येतो. साध्या इंजिनाला तेवढ्या ओढीसाठी किंचाळावं लागतं, आणि तरीही ती मिळत नाही. शिवाय गाडी टनाच्या वर वजनाची. महामार्गावर शेजारून व्होल्वो गेली तरी स्टिअरिंग हातात थरथरत नाही. दार लावताना पत्र्याचा आवाज येत नाही, यावर लोक फिदा असतात. मला त्याचं विशेष वाटत नाही. ब्रेक दाबल्यावर गाडी सरळ रेषेत थांबते, याचं वाटतं.

उणी बाजूही सांगतो. मागच्या सीटवर तीन मोठी माणसं म्हणजे शिक्षाच. इंडिकेटरची दांडी डावीकडे, वायपरची उजवीकडे. मारुतीवरून आलेला माणूस सुरुवातीला प्रत्येक वळणावर काच पुसतो. ॲव्हरेज महामार्गावर सतरा, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये अकरा-बारा.

आता जाहिरातीतली मेख. ‘पोलो, एक लिटर, पेट्रोल’ एवढंच लिहिलेलं असतं. पण २०२० नंतर एक लिटरची दोन इंजिनं विकली जात होती. एक टर्बोवालं टीएसआय, ११० अश्वशक्तीचं. दुसरं बिनटर्बोचं एमपीआय, ७६ अश्वशक्तीचं आणि ९५ न्यूटन-मीटरचं. बॉडी तीच, दिवे तेच, पण घाटात जमीन-अस्मानाचा फरक. फार जुनी घेत असाल तर एअरबॅग बघा. २०१४ च्या सुरुवातीला ग्लोबल एनकॅपनं एअरबॅग नसलेली पोलो आदळून पाहिली, तिला शून्य तारे मिळाले. सांगाडा टिकला, पण आतल्या माणसाचं संरक्षण झालं नाही. दोन एअरबॅग असलेलीला चार तारे मिळाले आणि कंपनीनं त्या सगळ्याच मॉडेलना दिल्या. त्याआधीची खालच्या मॉडेलची पोलो कितीही चकचकीत असो, मी नको म्हणतो.

गाडी बघायला गेलो की बॉनेट मी शेवटी उघडतो. इंजिन धुऊन पुसून ठेवलेलंच असतं. आधी टायर. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. ‘३२२०’ म्हणजे २०२० सालचा बत्तिसावा आठवडा. २०२० ची गाडी, मीटरवर वीस हजार किलोमीटर आणि टायर २०२४ चे, असं असेल तर मीटर मागे नेल्याचा संशय घ्यायचा. मग काचा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कंपनीचा शिक्का असतो. एकच वेगळी दिसली तर ती का बदलली ते विचारायचं. दारांच्या आणि बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट बघायचे. रंग उडून पान्याची खूण उमटली असेल, तर ते कुणीतरी खोललेत.

आणि आमच्या भागात एक गोष्ट हटकून करायची. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे महापूर कोल्हापूर-सांगलीनं पाहिलेत. त्या पाण्यात बुडालेल्या गाड्या कुठे गेल्या? साफ होऊन दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या गेल्या. एका एजंटानं दाखवलेली गाडी आतून नव्यासारखी होती. सीट कव्हर नवं, सुगंधी डबी नवी. मी पुढचा सीटबेल्ट ओढत ओढत अगदी टोकापर्यंत काढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर पिवळट मातीची सरळ रेघ होती. एरवी तो भाग रिळाच्या आत राहतो, तिथे कुणाचा ब्रश पोहोचत नाही. मी डिकीतला गालिचा उचलला, स्टेपनीच्या खड्ड्यात बोट फिरवलं आणि बोट एजंटाला दाखवलं. ‘काका, तुम्ही गॅरेजवाले का?’ एवढंच तो म्हणाला.

खरा मुद्दा यापुढे आहे. पाच वर्षांत गाडीची किंमत उतरते, तिच्या पार्टची उतरत नाही. गाडी साडेसहा लाखांना घेतली तरी हेडलाइट, शॉकअप, क्लच यांचा भाव आजच्या नव्या गाडीचाच राहतो. मुलीनं गाडी घेतल्यावर चार टायर, बॅटरी, ब्रेक पॅड आणि पुढच्या सस्पेन्शनचे बुश बदलले. पंचेचाळीस हजार गेले. यात बिघाड कसलाच नव्हता. ही झीज आहे, ती होणारच. म्हणून बजेट सहा लाखांचं असेल तर गाडी सव्वापाचची बघावी आणि उरलेले पैसे बँकेत ठेवावेत. पार्ट मिळतील का, हेही गाडीगणिक वेगळं. बलेनोचा पार्ट तालुक्याला मिळतो, आणि ग्लान्झा म्हणजे टोयोटाचा बिल्ला लावलेली बलेनोच. पोलोचं टीएसआय इंजिन आजही टायगुनमध्ये येतं, त्यामुळे त्याची काळजी कमी. बंपर-दिवे मात्र फक्त पोलोचेच. रांजणगावात बनलेली फियाट पुंटो चालवायला आजही सुरेख, पण तिच्यासाठी पार्ट हुडकत फिरण्याची हौस हवी.

ऑटोमॅटिकबद्दल पोरं फार विचारतात. जुन्या पेट्रोल पोलो जीटीमध्ये सात गिअरांचा डीएसजी गिअरबॉक्स होता, त्यात दोन कोरडे क्लच. गर्दीत इंचाइंचानं पुढे सरकताना तो सतत हाफ क्लच धरून चालवणाऱ्या नवशिक्या ड्रायव्हरसारखा तापतो आणि झिजतो. ट्रायल घेताना मुद्दाम गर्दीत न्या, पहिल्या-दुसऱ्या गिअरात हिसके बसतात का बघा. बसत असतील तर सौदा तिथेच थांबवा. त्याचं गिअर बदलणारं मेकॅट्रॉनिक युनिट गेलं तर खर्च लाखाच्या घरात जातो.

कागद कंटाळवाणे, पण गळ्याशी येतात ते तेच. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि ३५ नंबर. ई-चलान थकलंय का ते गाडीच्या नंबरवरून ऑनलाइन दिसतं. विम्यावर चौदा दिवसांत स्वतःचं नाव चढवा, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. नो क्लेम बोनस जुन्या मालकाकडेच राहतो, तो गाडीबरोबर येत नाही. विकणाऱ्यानंही ‘दिली एकदाची’ म्हणून निवांत बसू नये. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताची भरपाई देताना मालक तोच धरला जातो, हे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय.

मग घ्यावी का? रोज सिग्नल-सिग्नल करत आठ-दहा किलोमीटर जाऊन यायचं असेल, तर नको. नवी साधी गाडी किंवा सीएनजी घ्या, सुखी राहाल. महिन्यातून एक-दोनदा आंबा घाट, गगनबावडा किंवा पुणे-कोल्हापूर करत असाल आणि वर्षाला तीस-चाळीस हजार रुपये दुरुस्तीला बाजूला काढता येत असतील, तर टर्बोवाली, मॅन्युअल गिअरची, एका हाती वापरलेली बघा. विसार दिलेली गाडीही खुशाल सोडून द्या, पण बेल्ट प्रत्येकीचा शेवटपर्यंत ओढून बघा.